पैसे दिले म्हणून माणूस हलला? सीआरमधले बक्षीस-सवलतीचे प्रश्न

जीमॅट या एमबीए प्रवेशासाठीच्या परीक्षेत व्हर्बल, म्हणजे भाषेच्या, विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न सोडवायचे असतात. एका प्रश्नाच्या वाट्याला दोन मिनिटंही पुरती येत नाहीत. नोव्हेंबर २०२३ पासून परीक्षेचं नवं स्वरूप आलं, सेंटेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारण्याचे प्रश्न) गेलं, आणि व्हर्बलमध्ये उतारे आणि क्रिटिकल रीझनिंग (सीआर, म्हणजे छोट्या उताऱ्यातला युक्तिवाद पारखण्याचे प्रश्न) एवढंच उरलं. व्याकरणाच्या जोरावर तरून जायची सोय त्याबरोबर संपली. सीआर कच्चं असेल तर आता ते झाकायला जागा नाही.

या सीआरमध्ये एक जात पुन्हा पुन्हा भेटते. कुणीतरी कुणालातरी पैसे देतं. कधी बोनस, कधी अनुदान, कधी करात सवलत, तर कधी उलट दंड. मग लेखक छातीठोकपणे सांगतो की आता अमुक घडेल, किंवा जे घडलं ते या पैशामुळेच घडलं. वाचताना ते पटतं, कारण पैशाने माणूस हलतो हे आपण रोज पाहतो. पटतं म्हणूनच मधली फट दिसत नाही.

या प्रश्नांकडे पाहायची माझी रीत साधी आहे. पैसा आणि परिणाम यांच्या मधे एक माणूस बसलेला असतो आणि उतारा त्याच्याबद्दल गप्प असतो. सोसायटीचा सेक्रेटरी, ठिबकचा संच घेणारा शेतकरी, फोन उचलणारा कर्मचारी, पाळणाघरात मुलाला न्यायला येणारी आई. त्या खुर्चीत दहा सेकंद बसायचं आणि स्वतःला विचारायचं: पैसे नसते तर मी काय केलं असतं? पैसे मिळवायचा याहून सोपा रस्ता आहे का? आणि मुळात निर्णय माझ्या हातात आहे का? बरोबर पर्याय बहुतेक वेळा यातल्याच एका प्रश्नाचं उत्तर असतो.

आधी निष्कर्षाचे शब्द

प्रश्नाची ओळ आधी वाचा, उतारा नंतर. कमकुवत करायचं आहे, बळकट करायचं आहे, गृहीतक शोधायचं आहे की विसंगती उलगडायची आहे, हे ठाऊक असलं की उतारा वेगळ्या नजरेने वाचला जातो. रफ पाटीवर एकच ओळ लिहा: कोण देतो, कुणाला, कशासाठी. त्याखाली निष्कर्ष, आणि तो लेखकाच्याच शब्दांत. इथे आळस करणाऱ्यांचे सर्वांत जास्त गुण जातात.

‘अपघात कमी होतील’ आणि ‘नोंदवलेले अपघात कमी होतील’ हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत. ‘वापर वाढेल’ आणि ‘वापर वाढवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे’ हेही वेगळे. पहिल्यात खर्चाचा मुद्दा गैरलागू, दुसऱ्यात तोच सगळा खेळ. परीक्षक चुकीचे पर्याय बनवतो ते बहुतेक या सरकलेल्या निष्कर्षावर. तुम्ही मनात निष्कर्ष थोडा जरी बदलून ठेवलात, तर त्या बदललेल्या निष्कर्षाला चपखल बसणारा पर्याय तुमची वाट पाहत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे काळ. उतारा मागचं सांगतो आहे की पुढचं? ‘सवलत दिली, संख्या वाढली, म्हणजे सवलतीमुळे वाढली’ हा कारणाचा दावा. ‘सवलत द्या, संख्या वाढेल’ ही योजना. कारणाच्या दाव्यात दुसरं कारण शोधायचं, मोजमाप तपासायचं, आणि वाढ सवलतीच्या आधीच सुरू झाली होती का ते पाहायचं. योजनेत अडथळे शोधायचे: पैसे ज्याला द्यायचे त्याच्यापर्यंत पोचतील का, तो खरोखर पैशामुळेच अडला आहे का, आणि पैसे घेऊन तो उद्दिष्टाच्या उलट काही करेल का.

एक प्रश्न सावकाश

एका महापालिकेने ओला कचरा आवारातच जिरवणाऱ्या सोसायट्यांना मालमत्ता करात ५ टक्के सवलत जाहीर केली. योजनेआधी महापालिकेच्या यादीत अशा १२० सोसायट्या होत्या. वर्षभराने यादीत ९०० सोसायट्या आहेत. आयुक्त म्हणतात की सवलतीमुळे जवळपास ७८० सोसायट्यांनी आवारात कंपोस्टिंग सुरू केलं. पुढीलपैकी कोणतं विधान हा निष्कर्ष सर्वांत जास्त कमकुवत करतं?

(अ) सवलतीमुळे महापालिकेचं मालमत्ता कराचं उत्पन्न घटलं.
(ब) शहरातल्या निम्म्याहून अधिक सोसायट्या अजूनही यादीत नाहीत.
(क) योजना येण्याआधी यादीत नाव नोंदवून सोसायटीला कोणताही फायदा होत नसे.
(ड) काही सोसायट्यांना कंपोस्टिंगसाठी आलेला खर्च सवलतीच्या रकमेपेक्षा जास्त होता.
(इ) शेजारच्या महापालिकेने १० टक्के सवलत देऊनही तिथे प्रतिसाद कमी आहे.

आकडे माझे, पण योजना हवेतली नाही. पुण्यासह काही महापालिका अशा तऱ्हेची सवलत देतात.

सेक्रेटरीच्या खुर्चीत बसा. तुमच्या सोसायटीत चार वर्षांपासून खताचा खड्डा आहे. गेल्या वर्षीपर्यंत महापालिकेच्या यादीत नाव घालायला वॉर्ड ऑफिसला कशाला खेटे घालाल? आता सवलत आहे म्हटल्यावर जाल. यादी १२०ची ९०० झाली, पण नवे खड्डे किती खणले गेले हे त्यावरून कळत नाही. आयुक्तांनी नोंदणी मोजली आणि निष्कर्ष कंपोस्टिंगचा काढला. ही फट (क) उघडी पाडतो.

(क) मध्ये ‘या सोसायट्या आधीपासूनच कंपोस्टिंग करत होत्या’ असं सरळ म्हटलेलं नाही, हे पाहा. जीमॅटमध्ये बरोबर उत्तर बऱ्याचदा असं अर्धं झाकलेलं असतं. कमकुवत करणाऱ्या पर्यायाने निष्कर्ष खोटा पाडायची गरज नाही, त्यावरचा भरवसा कमी केला की काम झालं. ‘पण यावरून सिद्ध कुठे होतं?’ म्हणून (क) खोडणारे विद्यार्थी चिकाटीने (इ) कडे जातात.

(इ) मोहात पाडतो, कारण त्यात जास्त सवलत आणि कमी प्रतिसाद असं जोडून दिलं आहे. पण शेजारच्या शहरात सोसायट्या किती, जागा किती, अर्जाची भानगड किती, काहीच माहीत नाही. दुसऱ्या शहरात सवलत चालली नाही म्हणून इथे चाललेली नाही असं होत नाही. (अ) महापालिकेच्या तिजोरीबद्दल आहे, आयुक्त तिजोरीबद्दल बोललेलेच नाहीत. (ब) ला ‘अजून पुष्कळ काम बाकी आहे’ म्हणता येईल, पण ७८०चा दावा तो हलवत नाही. (ड) वाचून वाटतं की तोटा सोसून कोण करेल, म्हणजे सवलत हे कारण नसावं. पण ‘काही’ हा शब्द पाहा. ९०० पैकी तीन सोसायट्या असल्या तरी ‘काही’ खरंच ठरतं. कमकुवत करा किंवा बळकट करा म्हटलेल्या प्रश्नात ‘काही’ असलेला पर्याय क्वचितच बरोबर असतो.

नाहीतरी केलंच असतं

वरच्या प्रश्नातली फट या जातीत सर्वांत जास्त वापरली जाते. माणसाने जे नाहीतरी केलंच असतं, त्याचं श्रेय पैशाला दिलं जातं. तिचं एक भावंड आहे: माणूस तेच करतो, फक्त लवकर करतो.

महाराष्ट्रातलं उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क खाली आणलं. मुंबईत ते ५ टक्क्यांवरून डिसेंबर २०२० अखेरपर्यंत २ टक्के झालं आणि मग जानेवारी ते मार्च २०२१ या काळात ३ टक्के. मुदत संपता संपता, डिसेंबरात आणि मार्चमध्ये, खरेदीदारांची झुंबड उडाली. ‘सवलतीमुळे घरांची मागणी वाढली’ असा निष्कर्ष काढणारा उतारा समोर आला तर फटी भराभर दिसायला हव्यात. टाळेबंदीत अडकलेली खरेदी त्याच वेळी बाहेर पडली असेल. गृहकर्जाचे व्याजदरही तेव्हा उतरलेले होते. आणि पुढच्या वर्षी घर घेणाऱ्याने यंदाच घेतलं असेल, तर एकूण मागणी वाढलेली नसून ती फक्त पुढच्या महिन्यांतून उचलून इकडे आणली गेली. हा शेवटचा मुद्दा तपासायचा तर सवलत संपल्यानंतरचे महिने पाहावे लागतात. परीक्षेतला पर्यायही तसाच असेल: ‘सवलत संपल्यानंतरच्या सहा महिन्यांत नोंदणी सवलतीपूर्वीच्या पातळीपेक्षाही बरीच खाली गेली.’ यात सवलतीचा शब्दाने अवमान नाही, म्हणून घाईत तो निसटतो.

त्यात आणखी एक बारकावा होता. डिसेंबरात शुल्क भरून ठेवलं की दस्त नोंदवायला चार महिन्यांची मुदत मिळते. त्यामुळे एखाद्या महिन्याची नोंदणी आणि त्या महिन्यातली खरेदी यांचा मेळ बसेलच असं नाही. आकडा कशाचा आहे, हा प्रश्न तिथेही उरतोच.

तुलना कुणाशी

बळकट करण्याच्या प्रश्नांसाठी राजस्थानातला एक प्रयोग डोक्यात ठेवण्यासारखा आहे. उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १३४ गावांत तो केला, निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. गावांचे तीन गट होते. एका गटात काहीच बदल नाही. दुसऱ्यात दर महिन्याला नेमाने लसीकरण शिबिर. तिसऱ्यात तेच शिबिर, आणि शिवाय प्रत्येक खेपेला १ किलो डाळ व सगळ्या लसी पूर्ण झाल्या की थाळ्यांचा संच. पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचं प्रमाण पहिल्या गटात ६ टक्के, दुसऱ्यात १८ आणि तिसऱ्यात ३९.

दुसरा गट झाकून पाहा. ‘डाळ दिली आणि ६चे ३९ झाले’ हा उतारा तयार. त्याला कमकुवत करणारं विधान म्हणजे ‘डाळ दिलेल्या गावांत शिबिरंही पहिल्यांदाच नेमाने भरू लागली’. आई मुलाला आणत नव्हती ती डाळ नव्हती म्हणून, की नर्स भेटेल याची खात्री नव्हती म्हणून? आता झाकलेला गट उघडा. निव्वळ नेमाने १८ पर्यंत नेलं, पुढची झेप डाळीची. डाळीचं श्रेय मोजायचं तर तुलना ३९ आणि १८ची, ३९ आणि ६ची नव्हे. बळकट करणारा पर्याय बहुतेकदा असा दुसरा गट पुरवतो: बाकी सगळं सारखं, फक्त पैसे नाहीत, आणि तिथे बदल कमी झाला किंवा झालाच नाही.

याच प्रयोगात खर्चाचाही धडा आहे. डाळ वाटल्याने खर्च वाढणार, हे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पूर्ण लसीकरण झालेल्या मुलामागचा खर्च नुसत्या शिबिराच्या गटात सुमारे ५६ डॉलर आणि डाळीच्या गटात सुमारे २८ डॉलर पडला. नर्सचा पगार आणि शिबिराचा खर्च तोच राहिला आणि मुलं दुपटीहून जास्त झाली. म्हणून ‘योजनेवर जादा खर्च झाला’ हे विधान ‘योजना दर मुलामागे महाग पडते’ या निष्कर्षाला आधार देत नाही. एकूण आणि दरडोई यांतली गल्लत परीक्षकाला फार आवडते.

गृहीतक: उलटून पाहणं

पुढची भूजल योजना घ्या. जिल्ह्यातली भूजल पातळी घसरते आहे. ठिबकने त्याच पिकाला एकरी बरंच कमी पाणी लागतं, पण संच शेतकऱ्यांना परवडत नाही. म्हणून सरकारने संचावर ८० टक्के अनुदान दिलं तर भूजलाचा उपसा कमी होईल. हा युक्तिवाद कशावर उभा आहे?

(अ) अनुदान घेणारा कोणताही शेतकरी बागायत क्षेत्र वाढवणार नाही.
(ब) वाचलेल्या पाण्यावर शेतकरी इतकं जादा क्षेत्र ओलिताखाली आणणार नाहीत, की एकूण उपसा पहिल्याइतकाच राहील किंवा वाढेल.
(क) ठिबकपेक्षा कमी पाण्यात पीक घेण्याची दुसरी पद्धत उपलब्ध नाही.
(ड) ठिबकमुळे एकरी उत्पादनही वाढतं.
(इ) अनुदान नसेल तर एकही शेतकरी ठिबक घेणार नाही.

खुर्चीतला शेतकरी काय म्हणतो? विहिरीचं पाणी उरतं आहे, मग शेजारचा कोरडवाहू तुकडा भिजवू, किंवा जास्त पाण्याचं नगदी पीक लावू. एकरी पाणी कमी झालं, एकर वाढले. पाण्याच्या अभ्यासकांना हा प्रकार चांगला परिचित आहे.

प्रत्येक पर्याय उलटा करा आणि युक्तिवाद कोसळतो का पाहा. (ब) उलटा: शेतकरी इतकं क्षेत्र वाढवतील की उपसा घटणार नाही. निष्कर्ष तिथेच बसला. (अ) उलटा: निदान एक शेतकरी क्षेत्र वाढवेल. वाढवू दे, जिल्ह्याचा उपसा तरीही कमी होऊ शकतो. (अ) ची दिशा बरोबर आहे, माप जास्त आहे, आणि अभ्यास केलेली मुलंही इथेच फसतात. (इ) उलटा: काही शेतकरी अनुदान नसतानाही ठिबक घेतील. तरीही अनुदानाने आणखी घेणार असतील तर योजना उभी राहते. (क) उलटा: दुसरी पद्धत आहे. असेना का, ‘हाच एकमेव मार्ग’ असं कुणी म्हटलं आहे? (ड) गोड बातमी आहे, गृहीतक नाही.

उलटवताना एक चूक नेहमी होते. ‘सगळे’ याचं उलट ‘कुणीच नाही’ असं धरलं जातं. ‘सगळे’ याचं उलट ‘सगळे नाही’, आणि ‘कुणीच नाही’ याचं उलट ‘निदान एक’. हे चुकलं की (अ) आणि (इ) दोन्ही बरोबर वाटू लागतात आणि मग नाणं उडवावं लागतं.

दंड, आणि उशिरा येणारे पालक

विसंगती उलगडण्याच्या प्रश्नांचा नमुना इस्रायलमधल्या हैफा शहरातून घेता येतो. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० पाळणाघरं होती. त्यांतल्या सहांमध्ये १० मिनिटांहून जास्त उशिरा येणाऱ्या पालकांना मुलामागे १० शेकेल (इस्रायलचं चलन) दंड लावला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले, जवळपास दुप्पट झाले. पुढे दंड काढून टाकला तरी संख्या खाली आली नाही. दंड न लावलेल्या चार पाळणाघरांत तसा बदल नव्हता.

परीक्षेत विचारतील: दंड लावूनही उशीर का वाढला, हे कोणत्या विधानाने सर्वांत चांगलं उलगडतं? ‘दंडाची रक्कम किरकोळ होती’ हा पर्याय पटकन उचलला जातो. पण किरकोळ दंडाने उशीर कमी का झाला नाही एवढंच कळतं, वाढला का ते कळत नाही. ‘संध्याकाळी रस्त्यांवर गर्दी असते’ हे आधीही खरं होतं, मग बदल त्याने कसा समजेल? हवा तो पर्याय दोन्ही टोकं जोडणारा: आधी पालक शिक्षिकांना ताटकळत ठेवायला संकोचत होते, दंड आल्यावर त्यांना तो जास्त वेळ मूल ठेवण्याचा दर वाटू लागला. पैशाने जुना संकोच पुसला. विसंगतीच्या प्रश्नात पर्याय एका बाजूला बसतो की दोन्ही, एवढंच तपासा.

ज्याचे पैसे मिळतात, तेच होतं

मोजमापावर पैसे बांधले की माणूस मोजमाप सुधारतो, काम सुधारेलच असं नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत कर्मचाऱ्यांवर नवी खाती उघडण्याची लक्ष्यं आणि त्यांना जोडलेली बक्षिसं होती. ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली गेली आणि २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. खात्यांचा आकडा तोपर्यंत झकास दिसत होता.

परीक्षेतलं रूप सौम्य असतं. एका कंपनीने ग्राहकसेवेतल्या कर्मचाऱ्यांना दर निकाली काढलेल्या फोनमागे बोनस सुरू केला. सरासरी फोन ९ मिनिटांवरून ६ मिनिटांवर आला. व्यवस्थापन म्हणतं, तक्रारी आता जास्त कार्यक्षमतेने सुटतात. कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर हे पारखता येईल? ‘त्याच तक्रारीसाठी पुन्हा फोन करणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण बोनसनंतर वाढलं का?’ पारख अशी करा: उत्तर ‘खूप वाढलं’ धरा, निष्कर्ष पडतो. ‘अजिबात नाही’ धरा, निष्कर्ष सावरतो. दोन टोकांना दोन वेगळे परिणाम, म्हणून हाच पर्याय. ‘इतर कंपन्या किती बोनस देतात?’ याचं उत्तर काहीही आलं तरी निष्कर्ष जागचा हलत नाही. यासाठी फार वेळ घालवू नका, ही दोन टोकांची चाचणी वीस सेकंदांत होते.

याच घराण्यात आणखी दोन प्रकार येतात. पहिला, पैसे एकाला आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात. भाड्याच्या घरात सौर बंब लावला तर वीजबिल भाडेकरूचं वाचतं, बंब घ्यायचा की नाही हे घरमालक ठरवतो. बिलातली बचत हेच प्रोत्साहन असेल तर ते चुकीच्या दारात ठेवलेलं आहे. दुसरा, उंबरठ्याचा. ९० टक्के हजेरीला बक्षीस ठेवलं की ८९ वाला धावपळ करतो, पण सहामाहीतच ७० वर आलेल्याला आता काहीच मिळणार नसतं आणि तो उरलीसुरली हजेरीही सोडतो. सरासरी हजेरी वाढेल असा निष्कर्ष असेल तर हा शेवटचा विद्यार्थी तुमचं उत्तर आहे.

कुठले पर्याय लगेच खोडावेत

योजना अन्यायाची आहे, पैसे न मिळालेले नाराज आहेत, करदात्यांवर भार पडतो: निष्कर्ष परिणामाबद्दल असेल तर हे सगळं बाहेर. अपवाद एकच, नाराजीतून वागणं बदललं असं त्याच पर्यायात म्हटलेलं असेल तर थांबा. पैसे न मिळालेल्या कुशल कामगारांनी नोकरी सोडली, तर ती नाराजी परिणामात उतरली.

‘याहून चांगली योजना आहे’ हाही बाहेर, निष्कर्षात ‘सर्वांत’ किंवा ‘एकमेव’ नसेल तर. टक्केवारी वाढली म्हणून संख्या वाढली असं धरणारे पर्याय दोनदा वाचा. आणि घाईच्या शेवटच्या दहा मिनिटांत दिशा उलटी पकडण्याचा धोका मोठा असतो: कमकुवत करायचं असतं आणि उत्तम बळकट करणारा पर्याय निवडला जातो, कारण तो विषयाला सर्वांत जवळचा वाटतो. रफ पाटीवर निष्कर्षाशेजारी खाली जाणारा किंवा वर जाणारा बाण काढून ठेवा. दोन पर्याय उरले आणि ठरत नसेल तर एक निवडून बुकमार्क करा. विभाग संपताना वेळ उरला तर तीनपर्यंत उत्तरं बदलता येतात, त्यासाठी आत्ताच तीन मिनिटं जाळू नका.

महाराष्ट्राची एमबीए सीईटी देणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवायचा. तिथल्या विधान-आणि-गृहीतक प्रश्नांत ‘३१ तारखेपर्यंत शुल्क भरणाऱ्यांना १० टक्के सूट’ अशी जाहिरात देतात आणि गृहीतक विचारतात. सूट देणाऱ्याने काही लोक सवलतीमुळे लवकर भरतील असं धरलेलं असतं, म्हणून ते गृहीतक अंतर्भूत. ‘सगळेच लवकर भरतील’ हे नाही, आणि ‘सूट नसती तर कुणीच भरलं नसतं’ हेही नाही. तिथे योजना यशस्वी होईल की नाही याची चिकित्सा करत बसलात तर वेळ जातो. २०० प्रश्नांना १५० मिनिटं आहेत, चुकीला गुण कापले जात नाहीत, एकही प्रश्न कोरा ठेवू नका. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये (पूर्वपरीक्षेतला कल चाचणीचा पेपर) उलट: चुकीला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण जातात आणि उताऱ्याबाहेरचं काहीही जोडलेलं चालत नाही. जीमॅटच्या सवयीने तुम्ही तिथे दुसरं कारण शोधू लागाल, तर ते उताऱ्यात लिहिलेलं नसेल आणि उत्तर चुकेल.

सराव करताना चुकलेल्या प्रश्नासमोर ‘वीकनचा (कमकुवत करण्याचा) प्रश्न चुकला’ एवढं लिहून काही कळत नाही. वहीत चार रकाने करा: मधला माणूस कोण होता, निष्कर्षाचा नेमका शब्द कोणता, फट कोणती (नाहीतरी केलंच असतं, मोजमाप, चुकीचं दार, उंबरठा, दुसरं कारण), आणि मी निवडलेल्या पर्यायाने मला कोणत्या शब्दावर फसवलं. चौथा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. तो भरल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडू नका.